टेकडीवरचं निशाण

माय रोज सकाळी मला एकच गोष्ट विचारायची. चूल पेटवून झाली, फुंकणी बाजूला ठेवली, की धुरानं भरलेले डोळे पदरानं पुसत ती म्हणायची, "आज निशाण हाय का?" हो म्हटलं की बकऱ्या खुंट्यालाच राहत अन् ती त्यांच्यापुढे बाभळीचा पाला टाके. नाही म्हटलं की बकऱ्या सुटत अन् नाल्यापलीकडे, आमच्या जुन्या गावाच्या रानात चरायला जात. घरच्या सहा बकऱ्याच नाहीत, कॉलनीतली सारी ढोरं माझ्या तोंडाकडे पाहून सुटत किंवा बांधली जात. कारण टेकडीवर लाल निशाण लावायचं काम माझ्याकडे होतं. निशाण म्हणजे आज तोफा सुटणार, रानात कोणी पाय टाकायचा नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तीही धड नाही. पण अख्खं गाव सकाळी उठून माझा शब्द विचारतं, एवढा मान मास्तरलाही नव्हता. विशीतल्या पोराच्या डोक्यात एवढा मान जातो कुठे, तर सरळ वर जातो.

आमचं गाव धामणवाडा. आता शोधायला जाऊ नका, सापडायचं नाही. कारंजाच्या सडकेपासून आत, सागाच्या रानाला लागून चाळीसेक घरं होती, अर्धी कुणब्यांची, अर्धी गोंडांची. एक दिवस जीप आली, बोनेटवर नकाशा पसरला, अन् तोफांच्या सरावाला हे रान पाहिजे असं ठरलं. त्या वेळी लढाई नुकतीच जिंकलेली होती. लोकांच्या अंगात देश भिनला होता. शाळेपुढे सभा झाली तेव्हा आम्हाला कागदाची छोटी छोटी निशाणं वाटली, केशरी-पांढरी-हिरवी, बांबूच्या काडीला चिकटवलेली. भाषण झालं, आम्ही जय म्हटलं, निशाणं हलवली. हलवत हलवत आपलं गाव देऊन टाकलं. माझ्या बाबांनी तेवढं हलवलं नाही. त्यांनी काडी फेट्यात खोचली अन् उभं राहून विचारलं, "साहेब, आमच्या शिवेचा गोटा कोनाच्या हद्दीत येते?" साहेबाला कळलं नाही. तहसीलच्या बाबूनं हिंदीत सांगितलं, तेव्हा सगळे हसले. मीही हसलो.

मिलिटरीबद्दल मी तोंड उघडलं की माझी नातवंडं म्हणतात, आबा, हे बाहेर बोलू नका. सीमेवर बर्फात उभा राहणाऱ्या पोराला माझा रामराम आहे, दोन्ही हातांनी आहे. पण फौज ज्या गावात येऊन बसते त्या गावाला काय होतं, ते फौज आपली आहे की परक्याची यावर ठरत नाही. आपल्या विहिरीवर जायला चिठ्ठी लागते. आपल्या आजाच्या मातीवर फुलं वाहायची तर हवालदाराला वार विचारावा लागतो. हे सगळं गोड बोलून होत होतं, कोणी आम्हाला शिवी दिली नाही, हेही मी लिहून ठेवतो. आता आमच्याकडची पोरं ट्रॅक्टरवर, मोटारसायकलवर निशाण बांधून फिरतात अन् दुसऱ्या दिवशी तेच नालीत पडलेलं असतं. मी उचलून घरी आणतो, धुतो, घडी करून ठेवतो. मला त्या कापडाचा राग नाही. हलवणाऱ्या हाताची मला भीती वाटते, कारण तो हात माझाही होता.

नाल्याच्या अलीकडे, दीड कोसावर, आम्हाला कॉलनी बांधून दिली. नागपूरहून काळा चष्मा लावलेले एक साहेब आले होते, त्यांनी घरं कागदावर काढली. सगळी एकसारखी, डब्यासारखी, वर सपाट स्लॅब, खाली सिमेंटचं जोतं, दाराला लोखंडी चौकट. कॉलनीच्या मधोमध समाजमंदिर, त्याचं छप्पर दोन्ही बाजूंनी वर उचललेलं, मधे खड्डा. पावसाचं पाणी त्या खड्ड्यात साचे अन् खाली बसलेल्यांच्या डोक्यावर गळे. बाहेरून लोक पाहायला येत, म्हणत, काय मॉडर्न गाव झालं तुमचं. उन्हाळ्यात त्या स्लॅबवर पाणी ओतलं तर तव्यावर ओतल्यासारखं चरचरे. पण माझं भांडण उन्हाशी नव्हतं, ऊन आम्हाला नवं नाही. कॉलनी बांधून होईपर्यंत जुन्या घरी तोफेचा आवाज झाला की छपरावरचं कवेलू सरकायचं. संध्याकाळी बाबा शिडी लावून चढत, हातानं कवेलू सारखं करत, झालं. इथं तोफ वाजली की स्लॅबला भेग पडे, अन् ती भेग घरधन्याच्या हातची नव्हती. अर्ज करा, साहेब येईल, पाहून जाईल. बाबा खाटेवर पडून त्या भेगेकडे पाहत राहायचे. म्हणायचे, "ज्या घराची दुरुस्ती मले येत नाई, ते घर माहं कसं?" त्या स्लॅबवर ते एकदाही चढले नाहीत. मी लाकडी शिडी करून ठेवली होती, ती वर्षभर भिंतीला टेकून वाळली.

मला मात्र नवं सगळं आवडत होतं. खाकी सदरा मिळाला होता. आदल्या संध्याकाळी हवालदार सांगे, उद्या फायर आहे की नाही. असलं तर सकाळी साडेसहाला टेकडीवर निशाण चढवायचं, फायर संपल्याचा भोंगा झाला की उतरवायचं. तोफा टेकडीच्या पार पलीकडे, तीन कोसांवर होत्या. मी कधी पाहिल्या नाहीत. मी दोरी ओढायचो, कापड वर जायचं, अन् थोड्या वेळानं तिकडून गडगडाट यायचा. रोज दोरी आधी अन् तोफ नंतर. तीन वर्षं असं झाल्यावर माणूस काय समजेल? मी समजलो की तोफ माझ्या दोरीची वाट पाहते. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं, अन् मी कोणाला विचारलं नव्हतं.

शनिवारी कॅम्पात पांढऱ्या कापडावर सिनेमा दाखवत, आम्हालाही जाऊ देत. पडद्याच्या मागच्या बाजूला कॉलनी बसायची, म्हणून आम्हाला सगळं उलटं दिसे, हीरो डाव्या हातानं गोळी झाडे. बहुतेक लढाईचेच सिनेमे. शेवटी हीरो रक्तबंबाळ होऊन डोंगर चढायचा, निशाण रोवायचा, बाजा वाजायचा, अन् आमचे लोक शिट्ट्या मारायचे. दिवसभर ज्या आवाजानं कानाला दडे बसले, ज्यानं म्हशी आटल्या, तोच आवाज संध्याकाळी सिनेमात ऐकून टाळ्या. मी सगळ्यांत जोरात वाजवायचो. मला वाटायचं, हा मीच आहे. त्या कापडावर कधी हे दाखवलं नाही की डोंगराच्या पायथ्याशी कोण राहत होतं. पुढं कॉलनीत भाड्याचा व्हिडिओ यायला लागला अन् पोळ्याची झडती ऐकायला माणूस उरला नाही, पण ती गोष्ट नंतरची.

झडती म्हणजे काय ते आजच्या पोरांसाठी सांगतो. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून तोरणाखाली उभे करतात, तेव्हा एक जण पुढे होऊन यमक जुळवलेल्या जोड्या म्हणतो, सरकारला, सावकाराला, पाटलाला, जो समोर दिसेल त्याला टोचतो, अन् कोणी रागवायचं नसतं. आमच्या गावात हा मान बाबांचा होता. सोमाजीची झडती ऐकायला वडनेरकडचे पाव्हणेही थांबत. कॉलनीतल्या तिसऱ्या पोळ्याला हवालदार मुद्दाम पाहायला आला होता. बाबांनी त्याच्याकडे पाहून हात वर केला:

"लाल चिंधी, उंच काठी,
पोरगं माहं दोरीपाठी.
दोरी ओढे, बैल दडे,
गाव सोडून गावकी रडे.
माह्या पोराले मिशी आली,
साहेबाच्या तोफेले खुशी आली."

लोकांनी महादेवाचा गजर केला, हवालदारही हसला, त्याला अर्थ कोणी सांगितला नाही. मला झोंबली. घरी पुरणपोळी होती, कढी होती, उडदाचे वडे होते. मायनं वाढलं तर मी ताट सरकवलं. बाबा म्हणाले, "काऊन रे, साहेबाचं पोट भरलं म्हून तुह्यं भरलं का?" मग मी जेवलो. ते जेवण मला अजून आठवतं, कारण ते आम्ही तिघांनी एकत्र केलेलं शेवटचं सणाचं जेवण.

आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी दाराशी पळसाच्या फांद्या रोवतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झालं की ते उपटायचे, घरातला खोकला, खाज, ढेकूण, सगळं घेऊन जा गे मारबत असं ओरडत शिवेपार नेऊन टाकायचे. ही मारबत, म्हणजे घरातली सारी पीडा, शिवेपार गेल्याशिवाय घरात झाडू लागत नाही, ढोर सुटत नाही, कोणी कामाला हात लावत नाही. कॉलनीत आल्यापासून या रिवाजाचे हाल झाले होते. दारापुढे सिमेंट, मेढा रोवायचा कुठे? लोक फांदी चौकटीला सुतळीनं बांधत, नाहीतर विटेच्या आधारानं उभी करत, ती वाऱ्यानं पडे. अन् शीव कुठली? दोन वर्षं सगळ्यांनी फांद्या कॉलनीपुढच्या सडकेपलीकडे फेकल्या. त्या साली श्रावणात हगवण आली अन् कॉलनीतली तीन लेकरं गेली. नळाचं पाणी गढूळ यायचं, मला आज वाटतं कारण तेच. पण तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी ठरवलं की मारबत गेलीच नाही, सडकेवरूनच परत आली. बाबा म्हणाले, या खेपी जुन्या शिवेवर न्यायची, गोट्यापाशी. शेजारचे मडावीबुवा, ज्यांचा धाकटा नातू त्या तिघांत होता, त्यांनी मान डोलावली.

जुन्या शिवेचा गोटा नाल्यापलीकडे, तोफांच्या हद्दीत. अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फायर आहे असं हवालदार सांगून गेला होता. म्हणजे साडेसहाला निशाण. गोट्यापर्यंत जायचं, मेढे टाकायचे, बाबांनी झडती म्हणायची अन् परत यायचं, तर सात तरी वाजणार. निशाण दिसलं की अर्धे लोक नाल्यावरूनच मागे फिरणार अन् मारबत पुन्हा कॉलनीत राहणार. जेवण झाल्यावर बाबांनी मला अंगणात विचारलं. माय तिथंच भांडी घासत होती.

"उद्या निशाण केव्हा लावशीन?"

"तुमी वापस आल्यावर."

"हवालदार काई म्हनन?"

"म्हनू द्या. तोफ माह्या दोरीवर हाय, बाबा. मी निशाण नाई लावलं त तोफ नाई सुटत."

मघाशी बाबांनी चारचौघांत माझी टर उडवली होती, त्याचं त्यांना काही वाटलं असेल. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं. मंग तुह्याच भरवशावर जातो."

ढगाळ सकाळ होती, भुरभुर पाऊस. टेकडीखालच्या सडकेवर शिपाई पहाऱ्याला असत, ते पावसानं छपरीत बसले होते. आमचे लोक सडकेनं गेलेच नाहीत, नाल्याच्या अंगानं गेले. मी काठीपाशी बसलो होतो, निशाणाची घडी सदऱ्याच्या आत ठेवून, भिजू नये म्हणून. मला कॅम्पानं घड्याळ दिलं होतं. साडेसहा वाजले, मी उठलो नाही. खाली तरोट्याच्या हिरव्या झुडपांतून पळसाच्या फांद्या हलत जाताना दिसत होत्या, माणसं दिसत नव्हती, फक्त फांद्या. ओरडणं ऐकू येत होतं, त्यात बायका होत्या, पोरं होती. गोट्यापाशी फांद्यांचा ढीग पडला. लोक वळले अन् नाल्याकडे यायला लागले. बाबा मागे थांबले. दर वर्षी थांबायचे. मारबतीला शेवटची झडती एकट्यानं म्हणायची, मागे वळून पाहायचं नाही, असा त्यांचा नेम होता. मडावीबुवा त्यांच्यापासून पन्नास पावलांवर, नाल्याच्या दरडीशी उभे होते. मी मनात म्हटलं, आता दहा मिनिटं, मग लावतो.

पहिला गोळा गोट्याच्या पलीकडे पडला. मला आधी समजलंच नाही. मी दोरी नसलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. दुसरा अलीकडे पडला. माती उडाली, पळसाची पानं उडाली, ती बराच वेळ खाली येत राहिली.

मग मी काय केलं ते लिहायलाच मी ही वही घेतली आहे. मी खाली धावलो नाही. सदऱ्यातून निशाण काढलं, दोरीला बांधलं अन् वर ओढलं. पहिली गाठ सुटली, पुन्हा बांधली. निशाण पार टोकाला नेलं. मग धावलो. मला वाटलं होतं की आता तरी ते पाहून कोणी तोफ थांबवेल, असं मी किती वर्षं स्वतःला सांगितलं. पण लाल निशाण तोफ सुरू आहे म्हणून सांगतं, थांबवत नाही, हे मला त्या घडीलाही माहीत होतं.

आठ दिवसांनी समाजमंदिरात चौकशी बसली. वरच्या खड्ड्यातून पाणी गळत होतं, म्हणून टेबल कोपऱ्यात सरकवलं होतं. दोन फौजी साहेब, एक तहसीलचा. त्यांचं म्हणणं साधं होतं. तोफा ठरलेल्या वेळेवर सुटल्या, तसा वायरलेसवर हुकूम होता. निशाण हे फक्त गावासाठी. ते लागलं होतं का, एवढाच प्रश्न. लागलं असेल तर मेलेला माणूस आपल्या चुकीनं मेला. लागलं नसेल तर ज्याचं काम होतं तो गुन्हेगार. त्या टेबलापाशी उभा राहीपर्यंत हे मी इतकं सरळ ऐकलं नव्हतं. माझं काम, माझा सदरा, कदाचित जेल, सगळं एका शब्दावर होतं. अन् दुसऱ्या पारड्यात बाबा होते, त्यांना आता कोणी काही करू शकत नव्हतं. असा मी हिशोब केला.

आधी मडावीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "मी खाली पायत होतो, साहेब. माही नजर कमजोर हाय." त्यांची नजर रानात ससा हेरायची. मग मला विचारलं, "झंडा लगा था?"

मी म्हटलं, "लगा था."

"टाइम पे?"

"टाइम पे."

मग मायला पुढे बोलावलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता, तिचा चेहरा दिसत नव्हता. बाबूनं मराठीत विचारलं, निशाण लागलं होतं का. पोळ्याच्या दिवशी अंगणात मी काय म्हटलं ते तिनं ऐकलं होतं. मला वाटलं आता ती खरं सांगेल, अन् खरं सांगतो, मला बरंही वाटलं.

"लागलं होतं," ती म्हणाली.

"तुम्ही सोता पाह्यलं?"

"मी बकऱ्या बांधून ठेवल्या होत्या ना."

बाबूनं ते साहेबांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. बकऱ्या बांधलेल्याच होत्या. मारबत गेल्याशिवाय त्या दिवशी कोणाच्याच बकऱ्या सुटत नव्हत्या. टेबलावरच्या तिघांना हे माहीत नव्हतं. भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्या कॉलनीला माहीत होतं, अन् एक माणूस बोलला नाही. कागदावर असं आलं की सोमाजी नावाचा इसम इशारा असूनही हद्दीत शिरला. तो कागद अजून कुठेतरी असेल. मायनं आपला धनी देऊन आपला पोरगा ठेवून घेतला, अन् ती उठून बाहेर गेली.

त्यानंतर मी ते काम सात वर्षं केलं. सोडून द्यायला पाहिजे होतं, पण सोडलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, अन् मला मान खाली घालता येत नव्हती, आजही येत नाही. निशाण मी साडेसहाऐवजी साडेपाचला लावायला लागलो. शाळेत दर पंधरा ऑगस्टला मला बोलावतात, म्हणतात आबा, तुम्ही कॉलनीतले सगळ्यांत जुने, तुमच्या हातानं झेंडावंदन होऊ द्या. मी जात नाही. गेल्या साली एक पोरगा तोंडावर म्हणाला की म्हातारा देशाचा नाही. त्याला मी काही बोललो नाही. आता बोलतो. त्या दिवशी निशाण लागलेलं नव्हतं. लावायचं काम माझं होतं. माझ्या बापाची चूक एवढीच की तो माझ्या भरवशावर गेला.

माय पुढं नऊ वर्षं जगली. मला जेवायला वाढायची, तापात डोक्यावर पट्टी ठेवायची, माझ्या लग्नात हळदही तिनंच लावली. पण आज निशाण हाय का, हे तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. भिंतीला टेकून वाळलेली ती लाकडी शिडी तिनं सरळ केली, अन् रोज सकाळी चूल पेटवून झाली की ती एकेक पायरी धरून स्लॅबवर चढायची. मी टेकडीवर दोरीची गाठ मारून मागे वळलो की ती मला दिसायची, दुरून बोटाएवढी. कपाळावर हात धरून उभी असायची. निशाण टोकाला पोचेपर्यंत पाहायची, मग खाली उतरायची अन् बकऱ्यांना पाला टाकायची.